बाईंचा पाय

दुकानाच्या काचेवर बाईंनी एकच ओळ रंगवून घेतली होती : ‘येथे न ओरडता गाडी शिकवली जाते.’ रंगाऱ्याला वाटलं, चुकून लिहिलंय. ‘बाई, लवकर शिकवली जाते असं लिहू का? स्वस्तात शिकवली जाते असं तरी?’ बाई म्हणाल्या, ‘लवकरही नाही आणि स्वस्तातही नाही. आहे तेच लिहा.’ रंगाऱ्याने खांदे उडवून ‘न’ जरा मोठा काढला. पुढची नऊ वर्षं बाईंचं दुकान त्या मोठ्या ‘न’वर चाललं.

त्या ‘न’ला कारण बाईंचे यजमान होते. माणूस तसा गरीब स्वभावाचा, ऑफिसात कुणाला वर मान करून बोलला नसेल. पण शेजारच्या सीटवर बसला की त्याच्या अंगात येई. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांनी बाईंना गाडी शिकवायला घेतली. दर रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात एक तास. ‘क्लच! अगं क्लच! तो नव्हे!’ मागच्या सीटवर सासूबाई असत, कारण घरात एकटं बसून त्यांना कंटाळा येई. चार रविवार बाईंनी ऐकून घेतलं. पाचव्या रविवारी त्यांना भर मैदानात रडू फुटलं आणि गाडी सुरूच होईना. यजमान पाय आपटत पायी घरी गेले.

सासूबाई मागून उतरल्या, पुढे येऊन मुलाच्या जागेवर बसल्या, चपला खाली सोडल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या. पिशवीतून मटाराच्या शेंगा काढून सोलायला लागल्या. ‘चल,’ म्हणाल्या.

‘आई, तुम्ही पुढे बघा ना जरा. मला सांगा, कुठे चुकतंय.’

‘गाडी तू चालवतेयस ना? मग मी कशाला बघू?’

मटार सोलून होईस्तोवर बाईंनी मैदानाला अकरा फेऱ्या मारल्या होत्या. दोनदा गाडी बंद पडली, तेव्हा सासूबाईंनी शेंगेतून मानसुद्धा वर केली नाही. पुढे आयुष्यात बाई जे काही शिकल्या त्यातलं बरंचसं त्या वाटीभर मटारात होतं. त्यातलं निम्मं त्या विसरल्या, पण ते पुढे येईलच.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर बाईंनी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फॉर्म भरायची नोकरी धरली. अकरा वर्षं बाई तिथल्या टेबलामागे बसल्या. मालक स्वतः शिकवायचा आणि त्याचा आवाज दुकानात बसून ऐकू येई, मग गाडी कुठेही असो. बायका यायच्या, फी भरायच्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळायच्या. कुणाकडे पाहुणे आलेले असत, कुणाची पाठ धरलेली असे. मालक म्हणायचा, बायकांना चिकाटी नसते. बाई मान हलवून पुढचा फॉर्म काढायच्या. पण गळालेल्या बायकांना त्या घरी जाताना वाटेत गाठायच्या, आणि तिथे पाहुणे किंवा पाठ यांचा विषय कधीच निघत नसे. चिकाटीचं म्हणाल तर त्या बायकांनी घरात सासऱ्यांची, दिरांची आणि शिवाय नोकरीतल्या साहेबांची बोलणी वीस-वीस वर्षं खाल्ली होती. आता पैसे भरून आणखी बोलणी विकत घ्यायची नव्हती, एवढंच. बाईंनी त्या टेबलामागे बसून धंद्याचं भांडवल गोळा केलं ते असं.

शेहेचाळीसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. एक जुनी गाडी, शेजारच्या सीटपुढे बसवून घेतलेला दुसरा ब्रेक आणि क्लच, आणि तो मोठा ‘न’. यजमान म्हणाले, ‘या वयात?’ बाई म्हणाल्या, ‘तुमच्यामुळेच.’ ते कौतुक आहे की टोमणा, हे यजमानांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. निवृत्त झाल्यावर ते बाईंच्याच दुकानात कागदपत्रं सांभाळायला बसू लागले आणि मग विचारायची सोय राहिली नाही.

बाईंना माणूस वाचता येत असे. नवी विद्यार्थिनी गाडीचं दार कसं लावते, यावरून त्या पहिला आठवडा ठरवत. दार धाडकन लावणारी घाबरलेली असते, तिला आधी बोलू द्यायचं. दोनदा उघडून पुन्हा लावणारीला घरी कुणीतरी सारखं चुका दाखवतं, तिला मुळीच काही सांगायचं नाही. वळणावर बडबडणारीला प्रश्न विचारायचा, म्हणजे ती गप्प होते. नियम एकच : गाडी बंद पडली की ‘सॉरी’ म्हणायचं नाही. बंद पडली तर चालू करायची. बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरच्या एक बाई पहिल्याच दिवशी सतरा वेळा सॉरी म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. नऊ वर्षांत चारशेवर बायका शिकून गेल्या. तीन गाड्या झाल्या, आधीच्या विद्यार्थिनींपैकी दोघी शिकवायला लागल्या. जुना मालक एकदा रस्त्यात भेटला तर म्हणाला, ‘तुमच्याकडे रडत नाहीत म्हणे कुणी.’ बाई नुसत्या हसल्या. गर्व झाला होता, थोडा नव्हे, चांगलाच झाला होता.

आता पायाचं सांगायला हवं. शिकाऊ बाई ब्रेक उशिरा दाबते; प्रत्येकच दाबते. मग शेजारच्याने दाबायचा. दुसरा शिक्षक दाबतो तेव्हा गाडी गचका खाते आणि पाठोपाठ आवाज येतो, ‘लक्ष कुठंय?’ बाई पातळ तळव्याचे कापडी बूट घालत आणि तिच्या अगदी जराशा आधी, हलक्या पायाने दाबत. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले. बाईंचा पाय खाली गेला की विद्यार्थिनीच्या पायाखालचाही ब्रेक आपोआप खाली जाई आणि तिला वाटे, आपणच दाबला. गाडी अलगद थांबे. बाई म्हणत, ‘छान.’ त्यात फसवणूक आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. घाबरलेल्या बाईची लाज राखायची, एवढंच त्यांना वाटे. हाताला सवय लागते तशी पायाला लागली.

फुलवाली आली ती दार अगदी हळू, दोन्ही हातांनी लावणारी. चौकात तिचं फुलांचं छोटं दुकान होतं आणि दुकानाची व्हॅन तिचा दीर चालवायचा. मोठा फुलबाजार पहाटे पाचला उघडतो; दीर साडेसहाला उठायचा. तोवर चांगली फुलं गेलेली असत आणि उरलेल्या फुलांवर हिचं दुकान चालायचं. कधी दीर रुसला की व्हॅनही नाही. ‘माझा अर्धा धंदा फुलांचा आहे,’ ती पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘आणि अर्धा दिराची समजूत काढायचा.’

‘आणि फायद्यात कुठला आहे?’ बाईंनी विचारलं.

‘दोन्ही तोट्यात.’

बाईंना ती फार आवडली. आवडत्या विद्यार्थिनीचे लाड होतात, तसे तिचे झाले. गाडी सुरेख चालवायची, वळणं तर बघत राहावी अशी. फक्त उतारावर तिचा श्वास अडकायचा, तेव्हा बाईंचा पाय आधीच तयार असे. ‘छान,’ बाई म्हणायच्या. तीस दिवस झाले. परीक्षा सपाट मैदानात होती, सावकाश गाडी, चार खांब. ती पहिल्याच फेरीत पास झाली आणि दुकानात एवढी फुलं घेऊन आली की यजमानांना कागदपत्रं सापडेनात.

चौथ्या दिवशी सकाळी बाजारातून येताना पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर तिची व्हॅन पुढे उभ्या असलेल्या ट्रकवर जाऊन आदळली. ट्रकला काही झालं नाही. व्हॅनचं नाक आत गेलं, तिचं उजवं मनगट मोडलं आणि सगळा रस्ता शेवंतीने भरला.

बाई तिला भेटायला दुकानात गेल्या. दुकान निम्मं रिकामं होतं. फुलवाली प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून बसली होती आणि दुसऱ्या हाताने पानं खुडत होती.

‘बाई, मी तुमचं नाव घालवलं,’ ती म्हणाली.

‘नावाचं राहू दे. झालं काय?’

‘तेच कळत नाही. ट्रक दिसला होता मला. पाय ब्रेकवरच होता. पण गाडी थांबलीच नाही.’

‘दाबलास ना?’

‘ठेवला होता. तुमच्या गाडीचा कसा, नुसता पाय ठेवला की लोण्यासारखा खाली जायचा. आमच्या व्हॅनचा फारच जड आहे. दीर म्हणतो, ब्रेक सगळे सारखेच असतात, तुझ्यातच खोट आहे. खरंच असेल. तीस दिवस बरोबर जमलं आणि एकटी असताना नाही जमलं, म्हणजे माझ्यातच काहीतरी नाही.’ पानं खुडणारा हात थांबला. ‘व्हॅन विकतेय. दिराने गिऱ्हाईक आणलंय, शुक्रवारी येतो. आता घरपोच येतील तीच फुलं घ्यायची.’

तो बुधवार होता. बाईंनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि त्या उठल्या. परत येऊन शाळेच्या गाडीचं दार उघडलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच विद्यार्थिनीच्या सीटवर विद्यार्थिनी म्हणून बसल्या. इंजीन चालू केलं, गाडी जागेवरच ठेवली. उजवा पाय ब्रेकवर नुसता ठेवला. काही झालं नाही. ब्रेक जागचा हलला नाही. दाबायला लागला तेव्हा गेला. चांगला जड होता. सगळ्या गाड्यांचा असतो तसाच. लोण्यासारखा गेला होता तो बाईंचा पाय. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी त्यांनी सांगितलं तेव्हा यजमान वाटीच्या काठावरचा साखरेचा दाणा बोटाने टिपत होते. ‘हे बघ,’ ते म्हणाले, ‘परीक्षा घेणाऱ्याने पास केलं. सही त्याची आहे. तू हे बोलून दाखवलंस तर चारशे बायका म्हणतील, आम्हाला येतं की नाही येत? तीन गाड्या, दोन पोरींचे पगार. गप्प राहावं.’

‘आणि ती व्हॅन विकेल त्याचं?’

‘वाईट वाटतं. पण धंदा म्हटलं की...’ पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढे होत्या, खिडकीशी बसलेल्या. ऐकू कमी यायचं आणि त्याचा त्या सोयीने उपयोग करत. त्या मुलाला म्हणाल्या, ‘तू ओरडून हिचा जीव घाबरवलास. हिने न ओरडता दुसरीचा पाय आंधळा केला.’ आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. बाईंना हे झोंबलं. यजमानांनाही झोंबलं, पण त्यांचं जुनं होतं.

गुरुवारी सकाळी बाई फुलवालीकडे गेल्या. दीरही तिथे होता, हिशेबाच्या आवेशात. तो जाईल म्हणून बाई थोडा वेळ थांबल्या, तो काही हलेना. शेवटी त्याच्यादेखतच त्या म्हणाल्या, ‘तुझ्यात खोट नाही. तुला ब्रेक दाबायला मी शिकवलंच नाही. तो मी दाबत होते.’

फुलवालीला आधी कळलं नाही. बाईंनी दोन्ही पाय पुढे करून, जमिनीवर, सगळं दाखवलं. इथे तुझा, इथे माझा, माझा खाली गेला की तुझा जातो.

‘कितीदा?’ फुलवालीने विचारलं.

‘सांगता यायचं नाही. मीच मोजलं नाही.’

‘म्हणजे तुम्ही छान म्हणायचात ते कुणाला?’

फुलवाली उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज मात्र खाली गेला होता. ‘मला आठ दिवस झोप नाही. माझ्यात काय कमी आहे ते शोधतेय मी. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं, बाई. निदान कळलं तरी असतं.’ दीर मध्येच म्हणाला, ‘मी म्हणतच होतो, या असल्या शाळा...’ फुलवालीने त्याच्याकडे न बघता सांगितलं, ‘भाऊजी, उद्याच्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणा.’ मग बाईंकडे वळली. ‘आणि तुम्ही आता जा.’

बाई गेल्या. व्हॅन वाचली होती. त्यांना त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पुढचं यजमान म्हणाले होते तसंच झालं. बातमी दिरानेच पसरवली, तिखटमीठ लावून. सतरा विद्यार्थिनींपैकी नऊ जणी महिनाभरात गेल्या. जुन्यांपैकी काहींचे फोन आले; बाईंनी प्रत्येकीला सांगितलं, ये, पुन्हा बघू, फी नाही. बँकेतल्या बाई आल्या, उतारावर चारदा व्यवस्थित थांबल्या आणि ‘मला येतंय’ म्हणून जवळजवळ नाचतच परत गेल्या. शिकवणाऱ्या दोघींना बाईंनी समोर बसवून विचारलं, तर त्यातली मोठी म्हणाली, ‘आम्हीही तसंच करतो. तुम्हीच शिकवलंत.’ यावर रागावायची सोय नव्हती.

मग बाई गॅरेजवाल्याकडे गेल्या. त्या म्हणाल्या, शेजारच्या ब्रेकवर, त्याच्या तोंडावरच, बटण बसवा. माझा पाय पडला की आवाज झाला पाहिजे, सगळ्यांना ऐकू येईल असा. गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं. असलं काम त्याच्याकडे कुणी आणलं नव्हतं. त्याच्याजवळ दारावरच्या घंट्या पडून होत्या, पण त्यातल्या चालू तेवढ्या पक्ष्याच्या आवाजाच्या. तीन गाड्यांना तीन पक्षी बसले.

पहिले काही दिवस हसू आणि रडू एकत्रच होतं. चौकात पक्षी ओरडे आणि विद्यार्थिनीचे कान लाल होत. ‘येथे न ओरडता’ असं लिहिलेल्या शाळेत एकीला रडूही आलं. ते शाळेतलं पहिलंच रडणं. बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली. पूर्वी बाईंनी तिला हसवलं असतं. आता त्या नुसत्या बसून राहिल्या आणि ती थांबल्यावर म्हणाल्या, ‘हा माझा होता. पुढचा तुझा कर.’ पुढचा तिचा झाला. बाईंनी ‘छान’ म्हटलं आणि आपण ते कुणाला म्हटलं हे त्यांना नक्की माहीत होतं. पण शिकायला आता तीसऐवजी चाळीस दिवस लागत, आणि तिसरी गाडी बहुतेक दुकानासमोर उभीच असे. यजमान रोज सकाळी ती पुसत.

सात आठवड्यांनी फुलवाली आली. हात मोकळा झाला होता, पण बारीक दिसत होता. तिने गाडीचं दार लावलं, या वेळी एका हाताने.

‘पक्षी बसवलाय म्हणे,’ ती म्हणाली.

‘बसवलाय.’

‘मग चला. फी घ्यायची पूर्ण. नाहीतर तुम्हाला वाटेल फिटलं.’

बाईंनी फी घेतली. पहिल्या दिवशी पक्षी चौदा वेळा ओरडला, चौथ्या दिवशी पाच, आठव्या दिवशी एकदाही नाही. दोघी फारशा बोलत नसत. नवव्या दिवशी फुलवालीने न विचारता गाडी पाण्याच्या टाकीकडे वळवली.

उतार तोच होता. खाली तेव्हासारखाच एक ट्रक उभा होता. सिमेंटच्या दुकानासमोर ट्रक उभे असतातच. गाडी उतरू लागली. फुलवालीचा श्वास अडकलेला बाईंनी ऐकला, आणि पक्षी ओरडला. गाडी मधेच, ट्रकच्या बरीच मागे, गचका खाऊन थांबली.

फुलवालीने समोर बघतच विचारलं, ‘हा कुणाचा?’

बाईंनी खाली बघितलं. ‘माझा. तू दाबणारच होतीस.’

‘हो. दाबत होते.’

‘कळलं.’

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. फुलवालीने गाडी वळवून पुन्हा वर नेली आणि टाकीपाशी थांबवली. ‘बाई,’ ती म्हणाली, ‘परवा पहाटे मी व्हॅन घेऊन जाणार आहे. तिला दुसरा ब्रेक नाही.’

बाईंनी वाकून कापडी बूट काढले, शेजारी ठेवले, पट्टा नीट आहे ना ते पाहिलं, आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. पंचावन्न वर्षांच्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं. फुलवाली बघत राहिली.

‘हे काय?’

‘गाडी तू चालवतेयस ना?’ बाई म्हणाल्या. ‘चल.’

गाडी उताराला लागली. सोलायला मटार असते तर बरं झालं असतं. सासूबाईंसारखं मान खाली घालून बसणं बाईंना काही जमेना. त्या ट्रककडे बघत होत्या आणि मांडीत गुंतलेला उजवा पाय आपोआप ताठ होत होता. ट्रक मोठा होत गेला. मागचा नंबर वाचता येऊ लागला. मग गाडीचा वेग मरत मरत गेला आणि ट्रकच्या चार हात मागे ती थांबली. पक्षी गप्प होता.

फुलवालीचा पाय अजून ब्रेकवर दाबलेलाच होता.

‘जड आहे,’ ती म्हणाली.

‘आहेच,’ बाई म्हणाल्या.